छापले ते छापले

जुन्या वर्तमानपत्राचे आपण काय करतो? कपाटाच्या फळीवर अंथरतो, नाहीतर किलोच्या भावाने रद्दीवाल्याला घालतो. आमच्या लहानपणी शेंगदाण्याच्या पुडीचा कागद उलगडून वाचण्याची आम्हांला खोड होती. पुडीचा कागद म्हणजे पानाचा चतकोर तुकडा. त्यामुळे कोणत्याच बातमीचा शेवट हाती लागत नसे. कोठल्याशा गावी एक मुलगा विहिरीत पडला होता. त्याला वर काढले इथपर्यंत वाचले आणि पुढे कागद फाटलेला! तो मुलगा जगला की नाही हे आम्हांला आजतागायत ठाऊक नाही.

हे आठवण्याचे कारण असे. आमच्या मंडळीतील एका बाईंचा मुलगा मेलबर्न येथे नोकरीला आहे. नाताळाच्या सुटीत तो बेळगावी आला, तेव्हा उपासना आटोपल्यावर चर्चच्या आवारात त्याने आपला फोन आमच्या हाती दिला आणि म्हणाला, "काका, हे जरा वाचा." पडद्यावर सिडनी येथील १८३८ सालच्या एका वर्तमानपत्राचे पान होते. शाईचे डाग, घडीची रेघ, झिजलेले खिळे, सारे जसेच्या तसे. "याला पैसे किती पडतात?" आम्ही विचारले. तो म्हणाला, "काहीच नाही. तुम्ही बेळगावात बसून वाचा, नाहीतर इंदुरात बसून." त्या रात्री आम्ही घरी ते उघडले आणि दोन वाजेपर्यंत वाचत बसलो. घरातून बोलणी खाल्ली ती निराळीच.

या संग्रहाची हकीकत थोडक्यात सांगतो. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००८ साली जुनी वर्तमानपत्रे संगणकावर सर्वांसाठी खुली करण्यास आरंभ केला, आणि २००९ अखेरीस हे काम 'ट्रोव्ह' नावाच्या एका मोठ्या संग्रहात सामावले गेले. ट्रोव्ह म्हणजे सापडलेला ठेवा. २०२४ साली या नावाला पंधरा वर्षे पूर्ण झाली. हजाराहून अधिक वर्तमानपत्रांची दोन कोटींवर पाने त्यात आहेत. बहुतेकांची १९५४ पर्यंतचीच, कारण त्यापुढे स्वामित्वहक्काची अडचण येते. आरंभ होतो तो 'सिडनी गॅझेट' या पत्रापासून. ते ५ मार्च १८०३ रोजी निघाले. त्याचा मुद्रक जॉर्ज हौ हा दुकानातील चोरीबद्दल शिक्षा होऊन समुद्रापार पाठविलेला कैदी होता. पत्राच्या माथ्यावर मात्र सरकारी अधिकाराने प्रसिद्ध होत असल्याचे छापलेले असे, आणि गव्हर्नरच्या कचेरीने पाहिल्यावाचून त्यात काही छापले जात नसे. कैद्याच्या हातचे काम आणि मालकाची मंजुरी, अशा रीतीने त्या देशातील छापखान्याचा जन्म झाला.

मध्यंतरी हा ठेवा बंद पडण्याची पाळी आली होती. त्याला मिळणारा पैसा २०२३ च्या जूनमध्ये संपणार होता. लोकांनी ओरड केली, आणि त्या एप्रिलात तेथील सरकारने चार वर्षांसाठी ३ कोटी ३० लाख डॉलर व पुढे दरसाल ९२ लाख डॉलर देण्याचे जाहीर केले. फुकट वाचावयास मिळते म्हणजे कोणीतरी कोठेतरी त्याची किंमत भरीत असतोच.

पण पैशाहून अधिक आम्हांला भावले ते वाचकांचे काम. यंत्र त्या जुन्या पानाचे चित्र घेते आणि त्यावरची अक्षरे ओळखून लिहून काढते. आता यंत्र ते यंत्रच. आपल्याकडे घाईने वाचणारा जसा 'ध'चा 'घ' आणि 'भ'चा 'म' करतो, तसे तेही फसते. पान मळके असले की वाक्याचे काहीच्या बाही होऊन बसते. मग कोणी निवृत्त शिक्षिका, कोणी रात्रपाळी करून आलेला मनुष्य, एकेक ओळ मूळ पानाशी ताडून दुरुस्त करीत बसतो. अशा कोट्यवधी ओळी लोकांनी सुधारल्या आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांची नावे तुम्हांआम्हांला कधी कळणार नाहीत.

या कामाला एक नियम आहे. यंत्राची चूक दुरुस्त करावी, वर्तमानपत्राची करू नये. १८३८ सालच्या खिळेजुळाऱ्याने एखादा शब्द चुकीचा जुळविला असेल तर तो तसाच ठेवावयाचा. बातमी खोटी असेल, भाषा दुष्ट असेल, तरी तीही तशीच. फार तर बाजूला आपली टीप जोडावी. आमच्या संडे स्कूलच्या शिक्षकांना आम्ही हा नियम मुद्दाम सांगतो, कारण वाटतो तितका तो सोपा नाही. समोर चुकीचा शब्द दिसला की हात शिवशिवतो. आणि ती चूक आपल्याच वाडवडिलांची असेल तर मग हात नुसता शिवशिवत नाही, तो खोडरबर शोधू लागतो.

त्या मुलाने दाखविलेले पान 'सिडनी हेरल्ड'चे होते. १० जून १८३८ रोजी न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागात मायल क्रीक नावाच्या ठिकाणी, हेन्री डँगर या जमीनदाराच्या गुरांच्या ठाण्यावर, विराईराय लोकांपैकी सुमारे अठ्ठावीस जणांना दोरीने बांधून नेऊन ठार मारण्यात आले. त्यांत बहुतेक बायका, मुले व म्हातारी माणसे होती. काही आठवड्यांपासून ती त्या ठाण्यापाशी शांतपणे वस्तीला होती, तेथील माणसांच्या ओळखीची झाली होती. मारणारे बारा जण. अकरा कैदी किंवा पूर्वीचे कैदी, आणि बारावा जॉन फ्लेमिंग, स्वतंत्र घराण्यातला. प्रेते जाळण्यात आली. ठाण्याच्या कारभाऱ्याने परतल्यावर हे पाहिले आणि वर कळविले. झोपडी राखणाऱ्या जॉर्ज अँडरसन नावाच्या कैद्याने न्यायालयात साक्ष दिली. आपल्या बरोबरीच्या गोऱ्यांविरुद्ध एका कैद्याने असे उभे राहणे म्हणजे काय धाडस होते, ते ज्याने गावकीविरुद्ध कधी साक्ष दिली असेल त्यालाच कळेल. पहिल्या खटल्यात अकराही जण सुटले. सरकारी वकील प्लंकेट यांनी पुन्हा खटला उभा केला, सात जण दोषी ठरले आणि १८ डिसेंबर १८३८ रोजी त्यांना फाशी झाली. फ्लेमिंग कधीच हाती लागला नाही.

या सर्व काळात 'सिडनी हेरल्ड' काय लिहीत होते? मारणाऱ्यांवर खटला भरू नये असे. मेलेल्यांविषयी त्याने जी भाषा वापरली ती आम्ही येथे उतरवीत नाही. आपल्या देशात कोणाकोणाविषयी तशी भाषा वापरली गेली आहे हे आपल्यापैकी पुष्कळांना सांगावे लागणार नाही.

आणि हे तरी उघड लिहिलेले होते म्हणून सापडते. त्या देशात पुढे क्वीन्सलँड भागात देशी पोलिसांच्या तुकड्या नेमल्या गेल्या, तेव्हा बातम्यांतून एक साधा शब्द रूढ झाला. टोळीला 'पांगविले'. गुरे पांगवावी, गर्दी पांगवावी, तसे. त्याचा अर्थ बहुधा गोळ्या घालून मारले असा होता, आणि वाचणाऱ्यांनाही तो ठाऊक होता. आज यंत्राला 'हत्या' हा शब्द शोधावयास सांगितले तर ते पान पुढे येणार नाही. यंत्र शब्द शोधते. शब्दाखाली पुरलेले माणूस शोधावयास माणूसच लागतो. न्यूकॅसल विद्यापीठात प्राध्यापिका लिंडल रायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कत्तलींची ठिकाणे दाखविणारा नकाशा २०१७ पासून सर्वांपुढे ठेवला आहे. रोजनिश्या, सरकारी कागद आणि ही जुनी वर्तमानपत्रे एकमेकांशी ताडून त्यांनी हे काम केले.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. 'सिडनी हेरल्ड' हेच पुढे 'सिडनी मॉर्निंग हेरल्ड' झाले आणि ते आजही निघते. २०२३ च्या जूनमध्ये, घटनेला १८५ वर्षे होत असताना, या पत्राने आपल्या त्या जुन्या लेखनाबद्दल जाहीर क्षमा मागितली. ही बातमी वाचून आमच्या एका मित्राने नाक मुरडले. त्याचे म्हणणे असे: ज्याने लिहिले तो मेला, ज्यांच्याविषयी लिहिले तेही गेले, मग क्षमा कोणी कोणाची मागावी? आणि आपल्या शास्त्रातच सांगितले आहे की बापाचे पाप मुलावर लादू नये.

मित्राचा मुद्दा पोकळ नाही. यहेज्केल संदेष्ट्याने तो फार आग्रहाने मांडला आहे, आणि लोक त्या काळीही आपल्या हालांचे खापर पूर्वजांवर फोडून मोकळे होत असल्यामुळे त्याला तसे करावे लागले. पण त्याच शास्त्रात नहेम्या आणि दानीएल हे आपल्या वाडवडिलांची पापे 'आमची पापे' म्हणून कबूल करतात. या दोहोंचा मेळ कसा घालावा?

आम्हांला तो वारशाच्या हिशेबात सापडतो. नातवाला आजोबाच्या गुन्ह्याबद्दल तुरुंगात घालता येत नाही, घालूही नये. पण आजोबाचे घर, शेत आणि नाव घेऊन त्याच्या कर्जाला 'ते आमचे नव्हे' म्हणणाऱ्या नातवाला गावात कोणी भला म्हणत नाही. 'हेरल्ड' आपली स्थापना १८३१ सालची असल्याचे अभिमानाने सांगते. १८३१ चा मान घ्यावयाचा तर १८३८ चे देणेही घेतले पाहिजे. शिक्षा बापाकडून मुलाकडे जात नाही हे यहेज्केलाचे म्हणणे खरे, पण नाव जाते, आणि नावाबरोबर देणे येते. संस्था, मंडळ्या, घराणी यांना हे अधिकच लागू आहे, कारण त्या माणसासारख्या मरत नाहीत. मायल क्रीक येथे जून २००० मध्ये स्मारक उभारले गेले तेव्हा मारलेल्यांचे आणि मारणाऱ्यांचे, दोहोंचे वंशज तेथे एकत्र उभे राहिले. त्यांपैकी कोणावरही कोणी खटला भरला नव्हता. ते आपल्या पायांनी चालत आले होते.

येथवर लिहून आम्ही थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण त्या रात्री आम्ही पुढे वाचत गेलो आणि त्याच वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर पोलिस कोर्टाचे रकाने लागले. अमकी बाई दारू पिऊन रस्त्यात पडली, दंड. अमक्याने उधारी बुडविली. अमकीने नवऱ्यावर पोटगीचा दावा लावला. नाव, गाव, सारे छापलेले. 'पांगविले' म्हणून ज्यांना मारले त्यांची नावे सहसा नाहीत, मारणाऱ्या अधिकाऱ्याचीही पुष्कळदा नाहीत. पण दारू प्यालेल्या बाईचे आहे! आणि आता जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून, एका क्षणात, ते शोधता येते. तिचा पणतू ते सकाळी चहा पिताना वाचू शकतो.

तेव्हा जे छापले ते सर्वांना सदैव उघडे राहावे, हे म्हणणे आम्हांला वाटले होते तितके निर्दोष नाही. त्या देशातील मूळ रहिवाशांपैकी अनेकांच्यात मृताचे नाव घेणे, त्याचा चेहरा दाखविणे हे शोक करणाऱ्यांना दुखविणारे मानतात. म्हणून ट्रोव्हवर, येथे मृतांची नावे व चित्रे असू शकतील, अशी पूर्वसूचना वाचणाऱ्यास दिलेली असते. ठेवा बंद केलेला नाही, पण दारात उभे राहून जरा थांबावयास सांगितले आहे. आमच्या मते हे योग्य आहे. बलवानाचे पाप झाकण्यात आणि दुर्बलाची लाज झाकण्यात फरक करता आला पाहिजे. नोहाच्या दोघा मुलांनी बापाची नग्नता पाहिली नाही, पाठमोरे चालत जाऊन त्याच्यावर वस्त्र टाकले, हे आपण मुलांना शिकवितो. आणि दाविदाने उरीयाचे काय केले हेही शिकवितो, ते शास्त्राने झाकले नाही, उलट मत्तयाने वंशावळीतसुद्धा उरीयाची आठवण ठेविली. एका म्हाताऱ्याची नशा आणि एका राजाने केलेला खून यांना एकच नियम लावता येत नाही.

तथापि जपून ठेवण्याच्या बाजूने एक गोष्ट आपल्याच घरची आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. १८४२ साली अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनने सुरू केलेल्या 'ज्ञानोदय'मध्ये १८५५ साली एका मुलीचा निबंध छापला गेला. ती मुक्ता साळवे, मांग समाजातील, वय सुमारे चौदा, पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकत होती. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिले. तिच्या काळच्या किती पंडितांची भाषणे त्यांच्या शिष्यांनी जपली असतील, आणि कोणी वाचत नाही. या मुलीचा शब्द टिकला तो एका पत्राचा अंक टिकला म्हणून. अंक वाळवीने खाल्ला असता तर तेवढीही साक्ष आपल्यापाशी उरली नसती. ज्याला घराणे नाही, शिष्य नाहीत, त्याला छापलेला कागद हाच वारस.

म्हणून आपल्या कपाटांची चौकशी करावी लागते. आम्ही पूर्वी ज्या मंडळीत होतो (गावाचे नाव सांगत नाही, आणि कोणी ताडून पाहू नये ही विनंती) तेथे स्मरणिका काढावयाचे ठरले आणि जुनी कार्यवृत्ताची वही चाळण्याचे काम आमच्याकडे आले. मोडी वळणाचे अक्षर, कडा वाळवीने कुरतडलेल्या. त्यात दोन नोंदी आढळल्या. पहिली अशी की एका विधवा बहिणीला 'गैरवर्तनाबद्दल' प्रभुभोजनापासून दूर ठेवले. तिचे नाव पूर्ण लिहिलेले. पुरुषाचे नाव कोठेही नाही. दुसरी अशी की दुष्काळानंतर मंडळीत आलेल्या काही कुटुंबांनी आवारातील माठाचे पाणी घेऊ नये, त्यांच्यासाठी निराळे भांडे ठेवावे. खाली पाच वडिलांच्या सह्या. दोन सह्या आमच्या ओळखीच्या घराण्यांच्या होत्या, आणि एक आमच्या आजोबांची.

स्मरणिका समितीत चर्चा झाली. पहिली नोंद छापावी असे बहुतेकांचे मत पडले. पूर्वी शिस्त कशी कडक होती, हे तरुणांना कळेल म्हणून! दुसरीविषयी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी हळू आवाजात सांगितले की जुन्या गोष्टी उकरून काय उपयोग, त्या कुटुंबांची नातवंडे आज मंडळीत पहिल्या बाकावर बसतात, सर्व विसरले गेले आहे. आम्ही त्यांना विचारले, "दादा, कोण विसरले आहे?" त्यावर ते काही बोलले नाहीत. खरे सांगावयाचे तर तो प्रश्न विचारण्यापूर्वी आम्हीही दोन दिवस ती वही घरी ठेवून घेतली होती, आणि ते पान फाटलेच होते असे सांगता येईल का, हा विचार आमच्या मनात येऊन गेला होता. कडा तशाही कुरतडलेल्याच होत्या.

त्या विधवा बहिणीची नात तेव्हा तेथेच संडे स्कूलमध्ये शिकवीत होती. समितीला आम्ही एवढेच सांगितले की तिला विचारल्यावाचून पहिली नोंद छापणार असाल तर आमचे नाव संपादकांतून काढा. तिला विचारले गेले. तिने, "छापू नका, पण फाडूही नका," असे उत्तर दिले. दुसऱ्या नोंदीसाठी त्या कुटुंबांपैकी एका वृद्ध भावाकडे आम्ही स्वतः गेलो आणि वही त्यांच्यापुढे उघडून ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती सावकाश वाचली. मग म्हणाले, "भांडे पितळेचे होते. आमच्या आईने सांगितले होते. तुमच्या आजोबांची सही आहे हे मात्र माहीत नव्हते." आम्ही क्षमा मागितली. ते थोडा वेळ गप्प बसले, आणि मग त्यांनी सुनेला हाक मारून चहा टाकावयास सांगितले.

स्मरणिकेत ती नोंद आली, सह्यांसकट. दोन घराण्यांनी त्या वर्षी वर्गणी दिली नाही. वहीच्या प्रत्येक पानाचे आम्ही फोनवर चित्र घेऊन ठेवले आहे, आणि सवड मिळेल तसे ते नकलून काढीत आहोत. लिहिणाऱ्याने 'निराळे' हा शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिला आहे. आम्ही तो तिन्ही ठिकाणी तसाच ठेवला आहे.